सीए फायनलची सगळ्यात अवघड प्रकरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात दरवर्षी नवे आर्टिकल्स (सीए होण्याआधी ऑफिसात काम शिकणारी मुलं) येतात आणि दोन-तीन महिने झाले की चहाच्या वेळी तेच ते प्रश्न सुरू होतात. दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. आधीच सांगते, हा सल्ला रँकवालीचा नाही. मी जुन्या स्कीममधून तिसऱ्या अटेम्प्टला पास झाले. पहिल्या वेळी एफआरमध्ये, म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंगमध्ये, ३६ पडले होते आणि ते का पडले हे कळायला मला पुढचे सहा महिने लागले.

फायनलचा सगळ्यात अवघड पेपर कोणता?

दहा जणांना विचारलंत तर निम्मे एफआर म्हणतील, उरलेले डीटी (डायरेक्ट टॅक्स), आणि एखादा हळू आवाजात ऑडिट म्हणेल. मला हा प्रश्नच फारसा पटत नाही. पेपर सहाच आहेत. पहिल्या ग्रुपमध्ये एफआर, एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) आणि ऑडिट. दुसऱ्यात डीटी, आयडीटी (इनडायरेक्ट टॅक्स) आणि इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स. अख्खा पेपर कोणाचा जात नाही, त्यातली दोन-तीन प्रकरणं जातात.

आणि ती प्रकरणं आकडेमोडीमुळे जात नाहीत. बेरीज-गुणाकार सगळ्यांना येतात. जातं ते आकडेमोडीच्या आधीचं पाऊल: ही वस्तू कुठल्या खणात टाकायची, हा निर्णय. कर्ज की इक्विटी? नियंत्रण आहे की नाही? बँक डॉलर विकते आहे की घेते आहे? रहिवासी की अनिवासी? खण चुकला की पुढचं गणित कितीही सुबक असलं तरी ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतं. खाली मी जी प्रकरणं अवघड म्हणते, त्या सगळ्यांत हीच गोष्ट आहे.

एफआरमध्ये फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट्स वाचताना कळतं, पण सोडवायला बसलं की काहीच सुचत नाही. असं का?

कारण ते प्रकरण वाचायचं नाहीच. तिथे प्रत्येक प्रश्नाला आधी दोन-तीन सवाल करायचे असतात, आणि लेक्चरमध्ये ते सवाल सर स्वतःच करून टाकतात. आपण नुसती मान हलवतो.

इंड एएस १०९ घ्या (इंड एएस म्हणजे आपली भारतीय हिशेब मानकं). कंपनीने एक बाँड विकत घेतलाय. कशासाठी? मुदत संपेपर्यंत ठेवून व्याज-मुद्दल घ्यायला, अधूनमधून विकायचीही तयारी ठेवून, की नुसती खरेदी-विक्री करायला? हे झालं बिझनेस मॉडेल. मग दुसरा सवाल: त्यातून येणारे पैसे म्हणजे फक्त मुद्दल आणि त्यावरचं व्याज एवढंच आहे का? हीच ती एसपीपीआय टेस्ट. दोन्हींची उत्तरं मिळाली की बाँड अमॉर्टाइज्ड कॉस्टला जाणार, एफव्हीओसीआयला (फेअर व्हॅल्यू, फरक ओसीआयमध्ये म्हणजे नफा-तोट्याबाहेरच्या इतर उत्पन्नात) की एफव्हीटीपीएलला (फेअर व्हॅल्यू, फरक नफा-तोट्यात), हे आपोआप ठरतं. बहुतेक मुलं हे तिन्ही शब्द घोकून येतात आणि दोन सवाल मात्र विसरतात.

पैसे उभे करणाऱ्याच्या बाजूने बघायचं तर इंड एएस ३२. समजा कंपनीने १० लाखांचे कन्व्हर्टिबल डिबेंचर काढले, तीन वर्षांचे, ६ टक्के व्याजाचे. तसेच पण कन्व्हर्ट न होणारे डिबेंचर बाजारात ९ टक्क्यांना जातात. आता १० लाख सरळ कर्जात टाकायचे का? नाही. आधी ९ टक्क्यांनी कर्जाचं आजचं मूल्य काढायचं: व्याजाचे ६०,००० गुणिले २.५३१३ (हा आकडा कसा येतो ते खाली कॅल्क्युलेटरच्या प्रश्नात) म्हणजे १,५१,८७८, आणि मुद्दलाचे ७,७२,१८३. एकूण ९,२४,०६१ एवढं कर्ज. उरलेले ७५,९३९ इक्विटी. पहिल्या वर्षी नफा-तोट्यात व्याज ६०,००० लागत नाही. ९,२४,०६१ च्या ९ टक्के म्हणजे ८३,१६५ लागतं, आणि वरचे २३,१६५ कर्जाच्या रकमेत मिळवले जातात.

गणित दहावीच्या मुलालाही जमेल. अवघड आहे ते मानणं, की एकाच कागदात कर्जही आहे आणि मालकीचा हक्कही. तसंच ठरल्या तारखेला पैसे परत करणं बंधनकारक असलेला प्रेफरन्स शेअर. नाव शेअर, पण जात कर्जाची. इथे नावावर विश्वास ठेवला की संपलं.

एक उपाय सांगते, आमच्या ऑफिसात चालतो. प्रश्न सोडवायचा नाही. वीस प्रश्न घ्यायचे आणि प्रत्येकाच्या बाजूला पेन्सिलीने एवढंच लिहायचं: कुठला खण आणि का. दीड तासात वीस प्रश्न होतात. हेज अकाउंटिंगला (जोखीम झाकायला केलेल्या व्यवहारांच्या हिशेबाला) मात्र हा उपाय पुरत नाही. तिथे जर्नल एंट्र्या हाताने माराव्याच लागतात.

कन्सोलिडेशनचं (मूळ कंपनी आणि सबसिडियरीचे हिशेब एकत्र करण्याचं) टेबल मोठं झालं की हरवायला होतं. काय करू?

माझे ३६ ह्याच प्रकरणाने घडवले, तेव्हा जरा जिव्हाळ्याने सांगते.

टेबल लहान करता येत नाही. पण टेबल आखायच्या आधी कागदाच्या वर एकच तारीख मोठ्या अक्षरात लिहा: नियंत्रण कधी मिळालं. मी परीक्षेत सबसिडियरीची नेट अ‍ॅसेट्स वर्षअखेरची घेतली होती, कारण ताळेबंद ३१ मार्चचा होता आणि तोच डोळ्यासमोर होता. गुडविल (नेट मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत) चुकलं, मग रिझर्व्ह चुकले, मग एनसीआय (बाकीच्या भागधारकांचा हिस्सा). ताळेबंद मात्र जुळला! चुकीचा ताळेबंदही जुळतो, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. हॉलमधून बाहेर येताना मी चक्क खूश होते.

छोटं उदाहरण. ८० टक्के हिस्सा ९० लाखांना घेतला. त्या तारखेला नेट अ‍ॅसेट्सची फेअर व्हॅल्यू १०० लाख. एनसीआय प्रमाणात धरला तर २० लाख. मग गुडविल ९० अधिक २० वजा १०० म्हणजे १० लाख. एनसीआय फेअर व्हॅल्यूने धरला आणि ती २२ लाख असली, तर गुडविल १२ लाख. इंड एएस १०३ मध्ये दोन्ही पर्याय चालतात, म्हणून प्रश्नात कुठला सांगितलाय ते अधोरेखित करा.

आणि उत्तर उणे आलं तर? म्हणजे स्वस्तात मिळालं तर? इथे आपला इंड एएस आंतरराष्ट्रीय आयएफआरएसपासून वेगळा चालतो. तिकडे तो फायदा नफा-तोट्यात जातो. आपल्याकडे तो ओसीआयमार्गे कॅपिटल रिझर्व्हला, आणि स्वस्तात मिळण्याचं स्पष्ट कारण दाखवता येत नसेल तर थेट कॅपिटल रिझर्व्हला. परदेशी व्हिडिओ बघून अभ्यास करणारे इथे हमखास सापडतात.

निम्म्याहून जास्त शेअर म्हणजेच नियंत्रण, हेही डोक्यातून काढा. इंड एएस ११० तीन गोष्टी विचारतो: सत्ता आहे का, परताव्यात चढउतार सोसावे लागतात का, आणि त्या सत्तेने परताव्यावर परिणाम करता येतो का. एकाकडे ४८ टक्के आणि बाकीचे हजारो भागधारकांत विखुरलेले असतील, तर ४८ वाल्याकडेही नियंत्रण असू शकतं. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला जाऊन या, लगेच समजेल.

एएफएममध्ये फॉरेक्स की डेरिव्हेटिव्ह, आधी काय करू?

फॉरेक्स. डेरिव्हेटिव्हची भीती जास्त आहे, पण मार्क फॉरेक्समध्ये जास्त फुकट जातात.

कारण पुन्हा तेच. दर दिलाय: १ डॉलर = ८५.०० / ८५.१०. आपला माणूस आयातदार आहे, त्याला डॉलर हवेत. कुठला दर? आपण डॉलर घेणार म्हणजे बँक विकणार, आणि बँक महागच विकणार: ८५.१०. बोहरी आळीतल्या दुकानदारासारखंच आहे, घेताना कमी आणि देताना जास्त. प्रत्येक वेळी बँकेच्या खुर्चीत बसून बघा.

आता तीन महिन्यांचे स्वॅप पॉइंट (आजच्या दरात मिळवायचा किंवा वजा करायचा फरक) दिले २० / ३० पैसे. चढते आहेत, म्हणून मिळवायचे: ८५.२० / ८५.४०. एक लाख डॉलरला आयातदाराचे ८५,४०,००० रुपये लागले. पॉइंट उतरते, म्हणजे ३० / २० असते, तर वजा करायचे होते. हे एवढंच पक्कं झालं की क्रॉस रेट, फॉरवर्ड कव्हर, मनी मार्केट हेज हे सगळं त्याच खुर्चीतून सुटतं.

डेरिव्हेटिव्हमध्ये मुलं ऑप्शनची किंमत काढणाऱ्या ब्लॅक-शोल्सच्या सूत्राला घाबरतात. सूत्र तर पाठ होतं. खरी मेख असते ती ऑप्शन घेणारा कोण आणि लिहिणारा (म्हणजे विकणारा) कोण, ह्यात. हातात एक कागद घेऊन पे-ऑफचं (नफा-तोट्याचं) चित्र काढा, दरवेळी. मी अजूनही काढते.

पोर्टफोलिओ मॅनेजमेंट आणि सिक्युरिटी व्हॅल्युएशन त्या मानाने सरळमार्गी आहे. सराव करा, मार्क घ्या आणि पुढे चला.

कॅल्क्युलेटरवर पीव्ही (आजचं मूल्य) काढायला फार वेळ जातो.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर हॉलमध्ये चालत नाही. साधा बॅटरीवरचा, १२ अंकांपर्यंतचा चालतो. कॅसिओवर ९ टक्क्यांसाठी १.०९ दाबा, मग भागाकाराचं बटण दोनदा, मग १, आणि नंतर बरोबरचं बटण तीनदा. पहिल्या वेळी ०.९१७४, मग ०.८४१७, मग ०.७७२२. त्यानंतर जीटी (ग्रँड टोटल) दाबलंत की तिन्हींची बेरीज २.५३१३. वरच्या डिबेंचरच्या उदाहरणातला आकडा हाच. आधी जीटी शून्य करायला विसरू नका, नाहीतर मागच्या प्रश्नाची उधारी पुढे येते. हे ज्यांना येतं त्यांना गंमत वाटेल, पण दरवर्षी निदान दोन आर्टिकल्सना हे माहीत नसतं आणि सांगायला कोणी बसत नाही.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. ऑडिट माझ्यासाठी सगळ्यात अवघड आहे का?

पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. तेव्हा थोडी अडचण आहे, खोटं सांगत नाही. पण इंग्रजी चांगली असणाऱ्यांचंही ऑडिट जातंच, कारण ते सुंदर निबंध लिहितात आणि निष्कर्ष विसरतात.

एसए ७०५ बघा, ऑडिटरने बिनशर्त मत कधी द्यायचं नाही हे सांगणारं ऑडिटचं मानक. भोसरीतल्या एका कारखान्याला आग लागली, स्टॉकचे रेकॉर्ड जळाले, पडताळायला दुसरं काहीच नाही. म्हणजे पुरावा मिळाला नाही. तो परिणाम सगळ्या हिशेबांवर पसरला असेल तर डिस्क्लेमर (मतच देत नाही), मर्यादित असेल तर क्वालिफाइड (तेवढा भाग सोडून मत). आता दुसरा कारखाना: स्टॉक सडलाय, आपल्याला दिसतोय, पण मालक किंमत कमी करायला तयार नाही. पुरावा आहे, आकडाच चुकीचा आहे. पसरलेला असेल तर अ‍ॅडव्हर्स (प्रतिकूल मत), नाहीतर क्वालिफाइड. पुरावा नाही की आकडा चूक. पसरलाय की नाही. दोन सवाल, तीन मतं. हे मराठीत पक्कं समजून घ्या आणि मग इंग्रजीत चार छोटी वाक्यं लिहा: नियम काय, इथे काय घडलं, म्हणून काय. परीक्षकाला अलंकार नको असतात.

प्रोफेशनल एथिक्स मात्र शब्दशः लागतं. १९४९ च्या सीए कायद्याची पहिली आणि दुसरी अनुसूची, कुठलं कलम कशात, हे पाठच करायचं. आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय काम घेतलं तर पहिल्या अनुसूचीचा पहिला भाग, आठवं कलम. इथे समजून वगैरे काही नाही. सकाळी चालायला जाताना म्हणत जा.

डीटीमध्ये इंटरनॅशनल टॅक्स आणि ट्रान्सफर प्रायसिंग ऑप्शनला टाकलं तर?

पेपरच्या नावातच इंटरनॅशनल टॅक्सेशन आहे, यावरून काय ते ओळखा.

आणि पुण्यात राहून हे अवघड वाटावं याचं मला नवल वाटतं. अर्धं हिंजवडी ह्याच प्रकरणात राहतं. कंपनीचा इंजिनिअर, भारतीय नागरिक, नोकरीसाठी अमेरिकेला निघाला. रहिवासी ठरायला वर्षात किती दिवस इथे असावं लागतं, त्यातली ६० दिवसांची अट अशा माणसाला लागत नाही, १८२ दिवसांचीच लागते. १ एप्रिलपासून मोजा: २८ सप्टेंबरला विमानात बसला तर निघण्याचा दिवस धरून १८१ दिवस, म्हणजे अनिवासी. एक दिवस उशिरा, २९ ला बसला तर १८२, म्हणजे रहिवासी आणि तिकडचा पगारही इथे हिशेबात. मग दुहेरी कर, डीटीएए (दुहेरी कर टाळायचा दोन देशांतला करार), परदेशी कराचं क्रेडिट, सगळी वरात मागोमाग. तिकिटाच्या एका तारखेवर केवढं अवलंबून आहे बघा.

ट्रान्सफर प्रायसिंगसाठी चाकणला चला. परदेशी कंपनीची इथली उपकंपनी सुटे भाग बनवते आणि तंत्रज्ञानासाठी मूळ कंपनीला रॉयल्टी देते. पहिला सवाल: या दोघी असोसिएटेड एंटरप्राइझ (कायद्याच्या दृष्टीने एकमेकींशी जोडलेल्या कंपन्या) आहेत का? मतदानाच्या हक्काचे २६ टक्के पुरतात, ५१ लागत नाहीत. दुसरा: हा व्यवहार परक्याशी केला असता तर काय भाव पडला असता? तो आर्म्स लेन्थ भाव. तो काढायच्या पद्धती सहा, त्यातली सगळ्यात योग्य कुठली हे ठरवणं हाच खरा प्रश्न. ज्यांच्या ऑफिसात ट्रान्सफर प्रायसिंगचं (टीपी) काम आहे त्यांनी रविवारचे दोन तास देऊन एक खरा टीपी रिपोर्ट वाचावा. मला कोणी हे सांगितलं नव्हतं.

आयकराचा नवा कायदा आला, मग माझा डीटीचा अभ्यास वाया गेला का?

नाही. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आला. कलमांचे क्रमांक बदलले. प्रीव्हियस इयर आणि असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं. संकल्पना बऱ्याच अंशी त्याच आहेत. तुमच्या अटेम्प्टला कुठला कायदा आणि कुठल्या तारखेपर्यंतचे बदल लागू, हे परीक्षा घेणाऱ्या सीए इन्स्टिट्यूटच्या घोषणेत बघा. अभ्यासिकेतल्या दादाने सांगितलं म्हणून नव्हे. तो दादा चौथ्या अटेम्प्टला का बसलाय, याचाही जरा विचार करा.

आयडीटी सोपा म्हणतात, तरी माझे ४२ च येतात.

इनपुट टॅक्स क्रेडिट (आयटीसी), म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा करणं. जीएसटी कायद्याचं कलम १६ आणि १७(५). तेरापर्यंत सीट्सच्या गाडीचं क्रेडिट सहसा अडतं, पण कामगारांची ने-आण करणारी चाळीस सीट्सची बस असेल तर अडत नाही. जेवणाचं अडतं, पण कँटीन ठेवणं कायद्यानेच बंधनकारक असेल तर मिळतं. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. अपवादाला अपवाद, म्हणून मार्क जातात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले म्हणून घाबरून दर पाठ करत बसू नका. दर बहुधा प्रश्नातच दिलेला असतो. कस्टम्स छोटं आहे, ते सोडू नका.

सहावा पेपर ओपन बुक आहे, मग अभ्यास कशाला?

चार तास असतात आणि पुस्तक उघडून शोधण्यात दोन जातात. पुस्तकात कुठे काय आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ते पुस्तक उपयोगी. रंगीत चिठ्ठ्या लावा. वेगळा अभ्यास फारसा नको, बाकीचे पाच पेपर नीट केले असतील तर.

एखादं अवघड प्रकरण सोडून दिलं तर चालेल का?

हिशेब करा. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०. ४०, ४० आणि ७० आले तरी पास. ३९, ७० आणि ७० आले तर नापास. त्यामुळे छोटी प्रकरणं सोडा हवी तर, पण कन्सोल किंवा आयटीसी सोडणारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. एक कामाची गोष्ट: पहिल्या पाच पेपरांत प्रत्येकी ३० मार्क एमसीक्यूचे (बहुपर्यायी प्रश्नांचे) आहेत आणि फायनलला निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही गोल रिकामा ठेवू नका.

सेल्फ-पेस्ड मॉड्यूल्स (आपल्या वेगाने ऑनलाइन करायचे इन्स्टिट्यूटचे विषय) कधी करायची?

आर्टिकलशिपच्या दोन वर्षांतच. चारही सेट पास झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही, आणि आर्टिकलशिप संपल्यावरचे सहा महिने तुम्हाला एफआरला हवेत.

पुण्यात अभ्यास कुठे करावा? आणि सप्टेंबरचा अटेम्प्ट द्यावा का?

सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ, गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. बहुतेक एमपीएससीवाल्यांनी भरलेल्या असतात. ते सकाळी सहाला येऊन बसतात, त्यांची लाज वाटून आपणही बसतो. हा फायदा कमी नाही. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. फक्त जुन्या अटेम्प्टचं पुस्तक स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका, कराच्या विषयांत ते रद्दीच.

सप्टेंबरचं म्हणाल तर पेठांमध्ये जुलैपासूनच ढोल-ताशाचा सराव सुरू होतो. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि फायनलची परीक्षाही त्याच आठवड्यात. लक्ष्मी रस्ता ओलांडून सेंटरला जायचं असेल तर आदल्या दिवशी रस्ता बघून या, किंवा नदीपलीकडच्या मैत्रिणीकडे मुक्कामाला जा. शिवाय ऑफिसात तेव्हा टॅक्स ऑडिटची धावपळ, ३० सप्टेंबर डोक्यावर. मला विचाराल तर जानेवारी किंवा मे. पण ज्याची तयारी झाली आहे त्याने ढोलाला घाबरून थांबू नये. कापसाचे बोळे पाच रुपयांत मिळतात.

क्लासच्या नोट्स पुरतात की इन्स्टिट्यूटचं मटेरियल वाचायचं?

नोट्स समजण्यासाठी, मटेरियल मार्कांसाठी. इन्स्टिट्यूटचे आरटीपी (उजळणीचे पेपर) आणि एमटीपी (सराव परीक्षेचे पेपर) सोडवल्याशिवाय हॉलमध्ये जाऊ नका.

नातेवाईक सारखे विचारतात, "झालीस का सीए?" काय सांगू?

हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आहे. मी दीड वर्ष कोणाच्या केळवणाला गेले नव्हते.